इंटरनेटवरचा फोन घेताय? आधी तो बंद पडल्यावर काय होईल ते विचारा

मी बडोद्यात ऑफिसांचे इंटरकॉम आणि इपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारी यंत्रं, बसवतो. सुरुवात तांब्याच्या जोड्या क्रोन मॉड्यूलमध्ये ठोकण्यापासून झाली, आता बहुतेक काम इंटरनेटवर चालणाऱ्या फोनचं असतं. दांडिया बाजारातले डॉक्टर असोत, रावपुऱ्यातले सीए असोत की मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतले लहान कारखानदार, पहिला प्रश्न ठरलेला: "कुठल्या कंपनीचा घेऊ?" कंपनीवर मी शेवटी येतो. विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा तो असा: आमचं नेट किंवा लाइट गेली, तर त्या वेळी येणारा कॉल कुठे जाईल? याचं सरळ उत्तर देता न येणाऱ्या माणसाकडून काहीही घेऊ नका, मग दर कितीही कमी असो.

हा प्रश्न जुन्या लँडलाइनला विचारावाच लागत नसे. एक्स्चेंजमधून तांब्याच्या तारेवर 48 व्होल्टचा पुरवठा येत असे आणि तिथे मोठ्या बॅटऱ्या असत. घरात अंधार झाला तरी फोन वाजायचा. फायबर मात्र काचेचा धागा आहे, त्यातून वीज येत नाही. फायबरचा डबा, राउटर, स्विच आणि टेबलावरचा फोन या साखळीतलं एक जरी बंद झालं तरी फोन मेला. म्हणून आधी विजेचा हिशोब करा. फायबरचा डबा आणि राउटर मिळून साधारण वीसेक वॅट खातात, आयपी फोन एकेक तीन ते पाच वॅट. पाच-सहा फोनच्या ऑफिसला पन्नास-साठ वॅटचा बॅकअप पुरतो, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. फोन पीओई स्विचवर घ्या, म्हणजे नेटच्या वायरीतूनच त्यांना वीज मिळते आणि एका यूपीएसवर सगळे चालतात. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का ते बघा. साध्या मोडमध्ये लाइट जाताना क्षणभर खंड पडतो, तेवढ्यात राउटर रीस्टार्ट होतो आणि पुढची दोन-तीन मिनिटं फोन गायब.

आता लाइनचं. "आमच्याकडे शंभर एमबीपीएस आहे" असं लोक अभिमानानं सांगतात, पण फोनला वेग फारसा लागत नाही. चांगल्या आवाजाचा जी.711 हा कोडेक, म्हणजे आवाजाचे आकडे बनवण्याची पद्धत, वापरला तर एका कॉलला जाता-येता प्रत्येकी सुमारे 100 केबीपीएस लागतात. एका वेळी सहा कॉल चालले तरी एक एमबीपीएसच्या आत भागतं. अडचण दुसरीकडे असते. सीसीटीव्हीचं फुटेज क्लाउडवर चढत असतं, कुणीतरी ड्रॉइंगची जड फाइल पाठवत असतं, आणि आवाजाचे छोटे तुकडे, म्हणजे पाकिटं, त्या गर्दीत अडकतात. मग गिऱ्हाईक म्हणतं, "तुमचा आवाज तुटतोय." एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत हवा, पाकिटांच्या येण्यातला चढउतार, ज्याला जिटर म्हणतात, तो 30 मिलिसेकंदांच्या आत, आणि हरवलेली पाकिटं शेकड्याला एकापेक्षा कमी. कंपनीकडून त्यांच्या सर्व्हरचा पत्ता घ्या आणि भर धंद्याच्या वेळी त्यावर दोनेकशे पिंग मारा, म्हणजे कॉम्प्युटरवरून चाचणीची पाकिटं पाठवा. पिंग जाऊन परत येण्याचा वेळ दाखवतो, म्हणून आलेला आकडा निम्मा धरा. राउटर आवाजाला पहिला मान देऊ शकेल असाच घ्या, त्या सोयीला क्यूओएस म्हणतात. आणि फोन वायरीवर ठेवा. वायफायवरचा टेबलफोन मी बसवून देत नाही.

शक्य असेल तर दुसरी लाइन घ्या, पण दोन कंपन्यांची बिलं येतात म्हणजे दोन रस्ते झाले असं समजू नका. दोन्ही केबल एकाच खांबावरून किंवा एकाच खणलेल्या चरातून येत असतील तर जेसीबीचा एक फावडा दोघींना पुरतो. लाइनमनला सोबत घेऊन केबल कुठून आत येते ते डोळ्यांनी बघा. दुसरा फायबर जमत नसेल तर सिमवर चालणारा राउटर जोडीला ठेवा. लाइन बदलताना चालू कॉल तुटेल, तो परत लावता येतो, पण पुढचे कॉल तरी येतील.

मग कुठला प्रकार घ्यायचा? एकट्याचं दुकान असेल तर फायबरच्या डब्यातून मिळणारी लँडलाइनच पुरे. तोही इंटरनेट फोनच आहे. नेट गेल्यावर कॉल मोबाइलवर वळवण्याची सोय आहे का, एवढं विचारा आणि ती आधीच चालू करून घ्या.

ज्यांची माणसं दिवसभर बाहेर असतात, उदाहरणार्थ एसी दुरुस्तीवाले किंवा केटरर, त्यांना व्हर्च्युअल नंबर बरा. गिऱ्हाईक एका नंबरवर फोन करतं, "बिलासाठी एक दाबा" वगैरे ऐकतं, आणि कॉल तुमच्या माणसाच्या साध्या मोबाइलवर जातो. यात ऑफिसच्या नेटचा संबंधच येत नाही, म्हणून अशा धंद्याला यापेक्षा भरवशाचं दुसरं काही मी सुचवत नाही. एक मात्र विचारा: कॉलचे पैसे एका टोकाचे लागतात की दोन्ही टोकांचे? गिऱ्हाइकापासून सर्व्हरपर्यंत एक आणि सर्व्हरपासून मोबाइलपर्यंत दुसरा, असे दोन कॉल त्यात असतात.

चार-सहा टेबलं असतील तर दोन वाटा उरतात: क्लाउड पीबीएक्स, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर चालणारं एक्स्चेंज, किंवा तेच काम करणारा ऑफिसातला डबा. माझी मावसबहीण बडोद्याच्या वाडी भागात पॅथॉलॉजी लॅब चालवते. तिला मी क्लाउड घ्यायला सांगितलं, कारण सकाळी सात ते अकरा रिपोर्टसाठी फोनांची रीघ असते आणि लॅबमधलं नेट गेलं तरी क्लाउडवरचा सर्व्हर जागा असतो. तो स्वतःहून कॉल तिच्या आणि रिसेप्शनच्या मुलीच्या मोबाइलवर पाठवतो. मकरपुऱ्यातल्या व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका शेठना मात्र डबाच दिला. त्यांच्याकडे शॉप फ्लोअर, स्टोअर, गेट आणि डिस्पॅच यांच्यात दिवसभर आपसातलं बोलणं चालतं, आणि बाहेरचं नेट बंद असतानाही ते चाललं पाहिजे. डब्यात आतले कॉल आतच राहतात. आपल्या बडोद्यातलीच मॅट्रिक्ससारखी कंपनी असे डबे बनवते, त्यामुळे सुटा भाग किंवा माणूस मिळायला आपल्याला सोपं पडतं. एखादा जाणकार मुलगा हाताशी असेल तर 1999 मध्ये मार्क स्पेन्सर यांनी सुरू केलेलं अॅस्टरिस्क हे साध्या कॉम्प्युटरचा असा डबा बनवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, जगभर चालतं. पण तो मुलगा नोकरी बदलून पुण्याला गेला तर काय, याचा विचार आधी करा.

डबा घेणाऱ्यांनी पहिला प्रश्न दुप्पट जोरानं विचारायचा. डबाच बंद पडला तर कॉल वळवणार कोण? ते काम सिप ट्रंक, म्हणजे डब्याला नेटवरून जोडलेली बाहेरच्या कॉलची लाइन, देणाऱ्या कंपनीनं तिच्या बाजूनं करायला हवं, आणि कबुली लेखी हवी. ट्रंक त्यांच्या स्वतःच्या वेगळ्या लिंकवर येणार की तुमच्याच नेटवर, हेही त्याच पत्रात लिहून घ्या. आणि डबा जमिनीवर ठेवू नका. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, त्याआधी 31 जुलै 2019 ला एका दिवसात सुमारे 500 मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावर टेबलाखाली ठेवलेलं सामान अशा वेळी पहिलं जातं. रॅक भिंतीवर, डोक्याच्या उंचीवर लावा, किंवा वरच्या मजल्यावर न्या. सेटिंगचा बॅकअप महिन्यातून एकदा ऑफिसबाहेर कुठेतरी साठवा.

नंबराबद्दल मला फार कळकळीनं सांगायचं आहे. 0265 नंतरचे सात आकडे म्हणजे कित्येक पेढ्यांची वर्षानुवर्षांची ओळख. मोबाइलचा नंबर कंपनी बदलली तरी टिकतो, लँडलाइनला ती सोय आपल्याकडे नाही. म्हणून नवा नंबर घेताना तो तुमच्या फर्मच्या नावावर, तुमच्या जीएसटी पत्त्यावर आणि तुमच्या केवायसीवर आहे ना, हे बिलावर बघा. मधल्या एजंटच्या नावावरचा नंबर कधीही घेऊ नका. नंबर देणाऱ्याकडे दूरसंचार विभागाचा परवाना असायला हवा. परदेशी अॅपवरून स्वस्त कॉल, सिम भरलेली पेटी असलं कुणी दाखवलं तर हात जोडून निरोप द्या, ते बेकायदा आहे. नव्या लाइनवरून थोकात जाहिरातीचे कॉलही करू नका. नोंदणी नसताना असे कॉल करणाऱ्यांच्या सगळ्या लाइन तोडून त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकायचा आदेश ट्राय या दूरसंचार नियामकानं ऑगस्ट 2024 मध्ये दिला आहे.

पैसे भरण्याआधी चाचणी मागा, निदान आठवडाभराची. जिओ, एअरटेल, व्ही, बीएसएनएल अशा वेगवेगळ्या मोबाइलवरून फोन लावा. समोरच्याला तुमचा कुठला नंबर दिसतो ते विचारा. बँकेच्या हेल्पलाइनला फोन करून आकडे दाबा, कारण काही जोडण्यांत बटणांचा सूर पलीकडे पोचतच नाही. कॉल होल्डवर ठेवा, दुसऱ्या टेबलावर द्या, परत घ्या. एक कॉल अर्धा-पाऊण तास चालू ठेवा. दर वेळी ठरावीक मिनिटांनी कॉल तुटत असेल तर दोष बहुधा सेटिंगचा असतो, नेटचा नाही. एकाच बाजूचा आवाज येत असेल तर राउटरमधलं सिप एएलजी, म्हणजे फोनच्या पाकिटांत ढवळाढवळ करणारं सेटिंग, बंद करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानंच काम होतं. आणि शेवटी, विकणारा समोर बसलेला असताना राउटरची वायर उपसा आणि बाहेरून फोन लावा. कॉल किती सेकंदांत मोबाइलवर पोचतो ते घड्याळ लावून बघा. त्यांच्या मदतकेंद्रालाही एकदा रविवारी संध्याकाळी फोन करून बघा.

सुरक्षेकडे लहान धंदेवाले लक्ष देत नाहीत, म्हणून मी स्वतः बसून करून देतो. इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या डब्यावर रात्रंदिवस कुठून कुठून यंत्रं पासवर्ड आजमावत असतात. 101 एक्स्टेन्शनचा, म्हणजे आतल्या 101 नंबरच्या फोनचा, पासवर्ड 101 असेल तर कुणीतरी रात्रीत परदेशी कॉल करून मोकळा होतो आणि बिल तुमच्या नावानं येतं. आंतरराष्ट्रीय कॉल बंदच ठेवा, पासवर्ड लांब ठेवा, राउटरवर 5060 हे पोर्ट, म्हणजे इंटरनेट फोनचं दार, बाहेरून उघडू नका, घरून वापरायचं असेल तर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटपर्यंतचा बंदिस्त रस्ता, घ्या.

खर्चात दर एक्स्टेन्शनचं भाडं, कॉलचे दर, रेकॉर्डिंग साठवण्याचे पैसे आणि वर 18 टक्के जीएसटी, एवढं एका कागदावर मांडलं की तुलना होते. करार वर्षाचा असेल तर सोडताना किती दिवस आधी कळवायचं आणि जुनी रेकॉर्डिंग उतरवून मिळतील का, तेही लिहून घ्या. अॅडमिनचा पासवर्ड पहिल्या दिवसापासून मालकाकडे हवा.

जुनी लाइन लगेच कापू नका. तिच्यावरून नव्या नंबरवर कॉल फॉरवर्ड लावा आणि दोन-तीन महिने दोन्ही चालू ठेवा. तेवढ्या अवधीत बिलबुक, दुकानाची पाटी, गूगलवरची नोंद आणि व्हॉट्सअॅप बिझनेसवरचा पत्ता, सगळीकडे नवा नंबर घाला. जुन्या नंबरवर महिनाभर कुणाचाच फोन आला नाही, की मगच ती लाइन परत करा.