‘मायसेल्फ’च्या आधीच गाडी अडते: प्रेझेंटेशन आणि नोकरीच्या अर्जातल्या या चुका टाळा

सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या संचालकांना आम्हाला सॉफ्टवेअर दाखवायचं होतं. स्लाइड्स मी रात्री जागून कृतिदेव या जुन्या मराठी-हिंदी फॉन्टमध्ये टाइप केल्या होत्या. सभागृहातल्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि टिंबांची खिचडी. चेअरमन शांतपणे म्हणाले, “ही कुठली भाषा म्हणायची?”

कृतिदेव युनिकोड नाही. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळ्या कॉम्प्युटरवर एकच ठरलेला क्रमांक. त्यात ‘क’ म्हणून जे दिसतं, ते कॉम्प्युटरच्या लेखी वेगळंच अक्षर असतं. तो फॉन्ट दुसऱ्या मशीनवर नसला की सोंग उघडं पडतं. मराठी स्लाइड युनिकोडमध्येच करा. निर्मला हा फॉन्ट विंडोज ८ पासून सोबतच येतो. वेगळा हवा असेल तर पॉवरपॉइंटच्या ऑप्शन्समध्ये ‘सेव्ह’खाली फॉन्ट एम्बेड करायची, म्हणजे फाइलमध्येच घालून द्यायची, सोय आहे, पण प्रत्येक फॉन्ट ती परवानगी देत नाही. म्हणून शेजारी एक पीडीएफ ठेवाच.

प्रोजेक्टरवर काहीच दिसत नसेल तर केबल उपटण्याआधी विंडोज आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. शो चालू असताना बी दाबलं की पडदा काळा होतो, लोक पुन्हा तुमच्याकडे बघतात. कुणी सातवी स्लाइड मागितली तर ७ आणि एंटर. मागे-मागे जात बसू नका. आणि व्हॉट्सॲप आधी बंद करा. दराच्या तक्त्यावर आत्याचं ‘शुभ सकाळ’ आलेलं मी पाहिलंय.

त्या दिवशी पीडीएफमुळे वेळ निभावली, काम मात्र मिळालं नाही. दोष फॉन्टचा नव्हता. आमच्या २२ स्लाइड्समध्ये पहिल्या सहा कंपनीच्या इतिहासाच्या होत्या आणि खर्च एकोणिसाव्या स्लाइडवर. संचालकांना तीनच गोष्टी हव्या होत्या: वर्षाला किती पैसे, जुनी खाती नव्यात कशी येणार, आणि शनिवारी बंद पडलं तर कोण धावत येणार. आता मी या तिन्ही गोष्टी पहिल्या पाच मिनिटांत उरकतो. इतिहास कुणी विचारला तर सांगतो. अजून कुणी विचारलेला नाही.

गेली काही वर्षं मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही बसतो, नवी मुलं घेताना. तिथेही तोच घोळ. रेझ्युमे म्हणून येतो तो लग्नाचा बायोडाटा: वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, रास आणि उंची तेवढी राहिलेली. मुलाला काय येतं ते दुसऱ्या पानावर, तेही ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’ असल्या शब्दांत. फाइलचं नाव ‘रेझ्युमे फायनल न्यू २’. ईमेलला विषय नाही, मजकूर नाही, नुसती फाइल डकवलेली. एकाने तर ‘टू’मध्ये चाळीस कंपन्यांचे पत्ते टाकले होते, आम्ही सगळे एकमेकांना दिसत होतो.

फाइलला आपलं नाव आणि पदाचं नाव द्या. कागदाचा फोटो पाठवू नका. बऱ्याच कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि फोटोतली किंवा टेबलांत कोंबलेली अक्षरं त्याला अनेकदा धड लागत नाहीत.

मुलाखतीत ‘मायसेल्फ अमुक-तमुक’ ऐकून आम्ही हसत नाही, त्यावर कुणाला नाकारतही नाही. अडतं पुढे. परवा एका मुलाला विचारलं, “या प्रोजेक्टमध्ये तुम्ही काय केलंत?” तो म्हणाला, “आम्ही स्टॉकचं ॲप बनवलं, आम्ही टेस्टिंग केलं.” ‘मी’ म्हणणं म्हणजे मोठेपणा मिरवणं, हे आपल्याला घरूनच शिकवलेलं. त्याला म्हटलं, बाकीचे तिघे घरी गेलेत असं समजा. थोडा घुटमळला, मग म्हणाला, “बारकोड दोनदा स्कॅन झाला की माल दोनदा जमा व्हायचा. ते मी शोधलं. मग तोच कोड दोन सेकंदांत परत आला तर घ्यायचाच नाही, असं केलं.” आम्हाला हेच हवं होतं, आणि रेझ्युमेत यातला एक शब्द नव्हता. काय बिघडलं होतं, मी काय केलं, मग काय झालं, अशा दोन हकिगती घरून मोठ्याने बोलून या. इंग्रजी अडलं तर “मराठीत सांगू का?” असं सरळ विचारा. निदान आमच्याकडे चालतं.

उत्तर आलं नाही तर आठवड्याने एक ईमेल पुरे. दिवसातून तीनदा फोन नको.

आणि अर्जावर स्वतःचा, चालू नंबर लिहा. निवडलेल्या एका मुलीला फोन लावला, तो तिच्या भावाने उचलला. “ती क्लासला गेलीय, सांगतो तिला,” म्हणाला. दोन दिवस वाट पाहिली, पुन्हा लावला तर बंद. तिसऱ्या दिवशी यादीतल्या पुढच्या मुलाला बोलावलं. तिचा फोन आला तो सोमवारी.