वापरलेली जॉयस्टिक घेताना
संगणकावर विमान किंवा अवकाशयान उडवण्याच्या खेळांसाठी सांगलीत बसून पुण्या-मुंबईहून वापरलेली जॉयस्टिक मागवायची असेल, तर विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधील गेम कंट्रोलरच्या चाचणीचा व्हिडिओ विक्रेत्याकडून आधीच मागून घ्यावा आणि दांडा सोडल्यावर पडद्यावरची खूण मध्यभागी स्थिर राहते की थरथरते, हे नीट पाहावे. थरथर बहुधा झिजलेल्या पोटेन्शिओमीटरमुळे (दांड्याची स्थिती घासणाऱ्या संपर्काने मोजणाऱ्या भागामुळे) होते. त्याऐवजी काही जॉयस्टिकमध्ये असणारा हॉल इफेक्ट सेन्सर चुंबकीय क्षेत्रावर चालतो, त्यात घासणारा संपर्क नसतो, म्हणून थोडे जास्त पैसे गेले तरी मी तोच निवडेन. किरकोळ थरथर डेडझोन (मध्याजवळचा, हालचाल न मोजला जाणारा पट्टा) वाढवून झाकता येते, मात्र तो फार वाढवल्यास विमान उतरवताना लागणारी बारीक हालचाल हरवते. विमानाला पिळता येणारा दांडा आणि थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) पुरतात. अवकाशयान वर-खाली व आडवेही सरकवायचे असल्याने तिथे डाव्या हातासाठी दुसरी जॉयस्टिक सोयीची पडते.