असिस्टंट म्हणून पहिली वर्षं: कोकणातल्या आल्कोवर काय शिकलो

गावातली दोन-तीन पोरं आयटीआय करून रेल्वेच्या असिस्टंट लोकोपायलटच्या, म्हणजे इंजिनवरच्या सहाय्यक ड्रायव्हरच्या, परीक्षेला बसतायत, मी सुट्टीला घरी गेलो की संध्याकाळी पडवीत हजर, आणि दरवेळी प्रश्न तेच, दादा पगार किती, रात्रपाळी किती, आणि आता सगळी लाईन लाइटवर झाली मग डिझेलचं कशाला वाचायचं. तोंडी सांगून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून काढतोय.

परीक्षेचं पटकन उरकतो. दहावी आणि ठरावीक ट्रेडचा आयटीआय, नाहीतर डिप्लोमा. पहिली सीबीटी, म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा, ७५ प्रश्न ६० मिनिटं, मग दुसरी सीबीटी, मग कॉम्प्युटरवरची ॲप्टिट्यूड टेस्ट, जिला पोरं उगाच घाबरतात. खरी गाळणी मेडिकलला लागते. ए-वन कॅटेगरी, चष्म्याशिवाय दोन्ही डोळे ६/६ आणि रंग ओळखता यायलाच हवेत, लेसर करून चष्मा घालवलेला चालत नाही. आमच्या ओळखीतला एक जण दोन वर्षं घासून पास झाला आणि मेडिकलला बाहेर, त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन या, तिथले चारशे-पाचशे रुपये वाया जात नाहीत. कोकण रेल्वे महामंडळ स्वतःची भरती वेगळी काढतं, ज्यांची जमीन लाईनीत गेलीय त्यांनी ती जाहिरात नीट वाचा.

आता मुद्द्याचं. असिस्टंट लोकोपायलट हे पद नक्की कशासाठी आहे हे मला लागल्यावर वर्षभर कळलं नव्हतं. मला वाटायचं ड्रायव्हर गाडी चालवतो आणि मी बॅग उचलतो. माझे आजोबा भुसावळला वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. तेव्हा कोकणात रेल्वे नव्हतीच, गावाहून बंदरावर, तिथून आगबोटीने मुंबई आणि मग पुढे गाडी, असा माणूस नोकरीला पोचायचा. आपल्या लाईनीवर रोह्यापासून वीरपर्यंत गाडी आली १९९३ ला आणि मंगळूरपर्यंत सलग वाहतूक सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला, तोपर्यंत देशातलं ब्रॉडगेजवरचं वाफेचं इंजिन रिटायर झालेलं. म्हणजे आपल्याकडे कोळशाच्या इंजिनाने कधी पॅसेंजर ओढलीच नाही, सुरुवातच डिझेलपासून. तरी मी लागलो तेव्हा आजोबांनी पहिला प्रश्न विचारला, "तू कुठल्या बाजूला बसतोस?"

उजव्या, म्हणालो. तर म्हणाले, मग उजवं वळण तुझं.

तेव्हा डोक्यावरून गेलं. नंतर डब्ल्यूडीएम-३ए वर, म्हणजे आल्को या अमेरिकी कंपनीच्या डिझाइनच्या डिझेल इंजिनावर, लाँग हूड म्हणजे लांब बाजू पुढे करून काम करायची वेळ आली तेव्हा पेटली. या आल्कोला कॅब एकच आणि तीही एका टोकाला, त्यामुळे लांब बाजू पुढे असली की ड्रायव्हरच्या समोर इंजिनचं अख्खं धूड, तो डाव्या बाजूने जेवढं दिसेल तेवढं बघणार. डावीकडे वळण असेल तर ठीक, उजवीकडे लाईन वळली की त्याला समोरचं काहीच दिसत नाही, सिग्नल दिसतो तो फक्त असिस्टंटला. वाफेच्या इंजिनाला हेच दुखणं, समोर बॉयलर आडवा, म्हणून दोघांनी दोन बाजूंनी बघायचं आणि मोठ्याने ओरडून सांगायचं. आज आपण प्रत्येक सिग्नलला हात वर करून "होम, डबल यलो" म्हणतो आणि ड्रायव्हर तेच परत बोलतो, नवीन पोरांना तो नुसता उपचार वाटतो, काही जण तर तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. आता समोर मोठी काच आली म्हणून ती सवय सोडू नका, पावसाळ्यात काचेवर पाण्याचा पडदा असतो तेव्हा दोन डोळ्यांपेक्षा चार कधीही बरे.

ट्रेनिंगला हमखास विचारतात की डिझेल इंजिन थेट चाकं का फिरवत नाही. पाठ करू नका, समजून घ्या. वाफेला सिलिंडरमध्ये सोडलं की ती चाक थांबलेलं असतानाही दाब देते, म्हणून वाफेचं इंजिन उभ्या जागेवरून ताकद लावतं. डिझेल इंजिन आधी फिरत असावं लागतं, थांबलेलं असताना त्याच्याकडे जोर शून्य. म्हणून ते आधी अल्टरनेटर फिरवतं, वीज तयार होते आणि ती सहा ट्रॅक्शन मोटरना जाते, म्हणजे आपलं डिझेल हे पण आतून लाइटचंच इंजिन आहे, फक्त पॉवर हाउस पाठीवर घेऊन फिरणारं. एवढं डोक्यात बसलं की इलेक्ट्रिकवरची अर्धी भीती जाते. डब्ल्यूडीएम-३ए चे सोळा सिलिंडर, ३१०० हॉर्सपॉवर, आठ नॉच, म्हणजे ताकद वाढवायच्या पायऱ्या. मग आले ईएमडी या दुसऱ्या अमेरिकी कंपनीचे डब्ल्यूडीपी-४, टू-स्ट्रोक, ४००० हॉर्सपॉवर, स्क्रीनवर सगळं दिसतं. चांगलंच इंजिन, पण शिकायला आल्को बरं, कारण ते काही लपवत नाही. नॉच भराभर वाढवले की हवा कोंबणारा टर्बो मागे राहतो, हवा कमी आणि डिझेल जास्त, मग काळा धूर. एखादा सिलिंडर कमी पडला की आवाजाची लय लंगडते, धडधड-धडधड मध्ये एक घास गिळल्यासारखं.

इंजिनचा चार्ज, म्हणजे ताबा, घेताना असिस्टंटने काय बघायचं याची यादी तुम्हाला मिळेलच, लूब ऑइलची डिपस्टिक, पाण्याची पातळी दाखवणारी ग्लास, गव्हर्नरचं ऑइल, हवेचा दाब ब्रेक पाइपमध्ये ५ किलो, फीड पाइपमध्ये ६ किलो. मी यातलं एकच सविस्तर सांगतो कारण त्यात माझी फजिती झालीय.

वाळू. इंजिनला वाळूच्या पेट्या असतात, चाक घसरायला लागलं की ड्रायव्हर पेडल दाबतो आणि हवेच्या जोराने पाइपातून रुळावर वाळू पडते. वाफेच्या जमान्यापासून हीच युक्ती, अजून बदललेली नाही. जुलैचा महिना, मालगाडी, रात्रीचे दोन वाजले असतील, समोरून येणाऱ्या गाडीच्या क्रॉसिंगसाठी बाजूच्या लूप लाईनीला उभे होतो. आपली लाईन रोहा-वीर सोडली तर एकेरी, त्यामुळे हे उभं राहणं नेहमीचंच. चार्ज घेताना मी टॉर्च मारून पेटीत वाळू आहे एवढंच बघितलं आणि वहीत टिक केली. समोरची गाडी गेली, स्टार्टर सिग्नल उतरला, साहेबांनी, म्हणजे ड्रायव्हरने, नॉच घेतला आणि दहा-पंधरा मीटर जाऊन व्हील स्लिपचा बझर. परत घेतला, परत बझर. पेडल दाबलं तर नुसती फुस्स करून हवा. "वाळू हाताने बघितली होतीस का?" साहेब एवढंच बोलले. वाळू होती, पण भिजून गोळा झालेली, पाइपाच्या तोंडाशी लापशीसारखी बसली होती. मग रेनकोट घालून उतरलो, काडीने पाइप मोकळे केले, पेटीतली वरची ओली वाळू काढून खालची कोरडी मुठीने रुळावर टाकत पुढे चालत गेलो आणि परत येऊन चढलो. पंचवीस मिनिटं गेली, कंट्रोल रूमला उत्तर साहेबांनी दिलं, माझं नाव न घेता. त्या दिवसापासून मी वाळू बोटांनी चुरडून बघतो, हाताला चिकटली तर बदलून मागतो, शेडवाले कितीही वैतागले तरी. आणि हे आल्कोपुरतं नाही बरं का, इलेक्ट्रिकलाही वाळू तीच आणि पाऊसही तोच.

पावसाचं निघालंच आहे तर, कोकणात पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं, स्पीड कमी, आणि जोराचा पाऊस असेल तर ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचं नाही. बाहेरून आलेले कंटाळतात. कटिंगमधून, म्हणजे डोंगर कापून लाईन नेलीय तिथून, दगड आला तर थांबायला जागा लागते, भरलेली गाडी ब्रेक मारल्यावर लगेच थांबत नाही, हे गाडी चालवायला बसल्यावर पोटात जाणवतं. बोगद्यांचा पण अंदाज घ्या. रत्नागिरीजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटर, डिझेलवर असताना आत शिरायच्या आधी आम्ही खिडक्या लावून घ्यायचो, तरी बाहेर पडल्यावर नाक काळं. आणि तो पानवलचा पूल, ६४ मीटर उंच, पहिल्यांदा खाली बघाल, सगळेच बघतात, पण साहेबांचं लक्ष नाही असं बघून.

पाण्याची ग्लास मात्र कधी टाळू नका. आजोबा सांगायचे, फायरमनने फावड्याला हात लावायच्या आधी गेज ग्लास बघायची, कारण भट्टीच्या छतावरचं पाणी उतरलं तर पत्रा तापून फाटणार, म्हणून तिथे शिशाचा प्लग असायचा, तो आधी वितळून वाफ आगीवर सोडायचा. आपल्याकडे पाणी कमी झालं की लो वॉटर स्विच इंजिन बंद करतो, माणसाच्या अंगावर वाफ येत नाही, पण दोन स्टेशनांच्या मध्येच गाडी उभी राहते आणि मागे तीन गाड्यांची रांग. मग वॉकीवर ऐकावं लागतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरच्यांना आधीच सांगून ठेवा की गणपतीला तुम्ही चाकरमान्यांना गावाला पोचवणार, स्वतः पोचालच असं नाही. माझा पहिला गणपती रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्युटीवरच्या लोकांच्या विश्रांतीच्या जागेत, गेला, आचाऱ्याने मोदक केले होते, कळ्या पडल्या नव्हत्या पण खाल्ले चार.

बॅगेत टॉर्च, रूलबुक, झेंड्या वगैरे तर लागतंच. एक जुना टॉवेल ठेवा. डिझेल अजून रिलीफ ट्रेनला आणि लाईन बंद पडली की मदतीला येतंच, आणि आल्को मिळालं तर ते तेल गाळणारच, कोरडं आल्को दिसलं तर आधी डिपस्टिक बघा.