‘फ्रँकेन्स्टाइन’ कशी वाचावी

मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी हाती घेणाऱ्या बहुतेकांना तिची गोष्ट आधीच ठाऊक असते, आणि ती वाचण्यातली पहिली अडचण नेमकी हीच आहे. चपट्या डोक्याचा, मानेत खिळे असलेला, जड पावले टाकत चालणारा मुका देह डोळ्यांसमोर येतो, पण तो पुस्तकातला नाही. जेम्स व्हेल यांच्या १९३१ सालच्या चित्रपटात बोरिस कारलॉफ यांनी तो उभा केला आणि जॅक पीअर्स या रंगभूषाकारांनी त्याला ते रूप दिले. कादंबरीतला जीव आठ फूट उंच आहे, हिमनदीवरून माणसाला न झेपणाऱ्या वेगाने धावतो, त्याचे केस लांब आणि काळेभोर आहेत, दात मोत्यासारखे आहेत आणि मुख्य म्हणजे तो बोलतो. किंबहुना संपूर्ण कादंबरीत त्याच्याइतके नेटके, मुद्देसूद आणि हृदयाला भिडणारे कोणीच बोलत नाही. म्हणून वाचनाला बसण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी ठरवावी: या पुस्तकात पाहायचे कमी आहे आणि ऐकायचे जास्त आहे. प्रत्येक पानावर कोण बोलतो आहे, कोणाला सांगतो आहे आणि ऐकणाऱ्याकडून त्याला काय हवे आहे, हे तीन प्रश्न विचारत राहिल्यास कादंबरी आपोआप उलगडत जाते.

त्याआधी आपल्या हातात कोणती आवृत्ती आहे, हे तपासून घ्यावे लागते. पहिली आवृत्ती १ जानेवारी १८१८ रोजी लंडनमध्ये तीन खंडांत, अवघ्या ५०० प्रतींची निघाली. तिच्यावर लेखिकेचे नाव नव्हते; प्रस्तावना मेरी यांचे पती, कवी पर्सी शेली यांनी लिहिलेली होती आणि पुस्तक मेरी यांचे वडील विल्यम गॉडविन यांना अर्पण केलेले होते, त्यामुळे काही समीक्षकांनी ते पर्सी यांचेच लेखन आहे असे गृहीत धरले. लेखिकेचे नाव १८२३ सालच्या दुसऱ्या आवृत्तीवर आले. १८३१ साली एकाच खंडात निघालेल्या आवृत्तीसाठी मेरी शेली यांनी मजकुरावरून पुन्हा हात फिरवला आणि कादंबरी कशी सुचली हे सांगणारी स्वतःची प्रस्तावना जोडली. पुढे दीर्घकाळ हीच आवृत्ती सर्वत्र छापली गेली.

१८१८ आणि १८३१ च्या आवृत्त्यांतील फरक ओळखण्याची सोपी खूण अशी की, प्रत्येक खंडात प्रकरणांचे क्रमांक पहिल्यापासून सुरू होत असतील आणि एलिझाबेथ ही त्या जीवाला घडवणाऱ्या व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनची आतेबहीण असेल, तर ती १८१८ ची संहिता आहे. प्रकरणे सलग चोवीस असतील आणि एलिझाबेथ इटलीतील एका गरीब शेतकरी कुटुंबात सापडलेली अनाथ मुलगी असेल, तर ती १८३१ ची आहे. फरक केवळ नात्यागोत्याचा नाही. १८३१ च्या पाठात व्हिक्टर नियतीचा उल्लेख वारंवार करतो आणि जे घडले ते टळणारे नव्हते असे सुचवत राहतो. १८१८ च्या पाठात तो जे करतो त्याचा भार त्याच्याच माथ्यावर अधिक राहतो. माझे मत विचारल्यास प्रथम वाचनासाठी १८१८ ची आवृत्ती घ्यावी आणि १८३१ ची प्रस्तावना कादंबरी संपल्यानंतरच वाचावी, कारण ती आधी वाचली की ज्यातून कादंबरी सुचली त्या, लेखिकेला पडलेल्या स्वप्नाची आपण प्रतीक्षा करत बसतो आणि समोरच्या वाक्यांकडे दुर्लक्ष होते. संक्षिप्त आवृत्ती मात्र टाळावी, कारण संक्षेप करणाऱ्याची कात्री सर्वांत आधी सुरुवातीच्या पत्रांवर चालते.

आता या पत्रांविषयी. कादंबरी वैज्ञानिकापासून सुरू होत नाही. ती रॉबर्ट वॉल्टन नावाच्या एका तरुण इंग्रज साहसी प्रवाशाने सेंट पीटर्सबर्ग आणि आर्खांगेल्स्क येथून, पुढे उत्तरेकडच्या समुद्रातून, इंग्लंडमधील आपल्या विवाहित बहिणीला लिहिलेल्या पत्रांनी सुरू होते. मी पहिल्यांदा वाचताना ही चार पत्रे ओलांडून थेट गोष्टीवर उडी मारली होती, आणि शेवट आला तेव्हा जहाजावरचा हा गृहस्थ कोण, हे कळेना. ती चूक कोणी करू नये. वॉल्टनला उत्तर ध्रुवापर्यंत पोहोचायचे आहे, त्यासाठी तो इतरांचे प्राण पणाला लावायला तयार आहे आणि त्याला मित्र हवा आहे. बर्फावरून अर्धमेल्या अवस्थेत उचलून घेतलेला व्हिक्टर त्याला नेमका अशा वेळी भेटतो. व्हिक्टर आपली कहाणी सांगतो ती या भारावलेल्या श्रोत्याला. त्या कहाणीच्या पोटात त्या जीवाची कहाणी आहे, आणि तिच्याही पोटात डी लेसी या निर्वासित फ्रेंच कुटुंबाची. बहीण मार्गारेट सॅव्हिल हिचे एकही उत्तर आपल्याला वाचायला मिळत नाही. तिच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे, वॉल्टन हे माहेरचे आडनाव धरून, मेरी वुलस्टनक्राफ्ट शेली या लेखिकेच्या पूर्ण नावाच्या आद्याक्षरांशी जुळतात, ही गोष्ट योगायोग मानायची की खूण, हे ज्याचे त्याने ठरवावे.

वाचताना शेजारी एक वही ठेवावी आणि प्रत्येक बैठकीच्या अखेरीस तिच्यात दोनच नोंदी कराव्यात. पहिली नोंद ही की, आज वाचलेला मजकूर कोणी कोणाला सांगितला. दुसरी नोंद ही की, सांगणाऱ्याने कोणती गोष्ट सांगितली नाही, किंवा वेळेवर सांगितली नाही. दुसऱ्या रकान्यात व्हिक्टरच्या नावापुढे भराभर ओळी वाढत जातील. प्रेतांच्या अवयवांतून घडवलेल्या देहात प्राण कसा फुंकला, हे तो वॉल्टनला सांगण्यास नकार देतो. एवढे समजण्यासारखे आहे. परंतु धाकट्या भावाच्या, विल्यमच्या, खुनाचा आरोप जस्टिन मॉरिट्झ या घरातल्या निरपराध मुलीवर येतो, खरा मारेकरी कोण याविषयी व्हिक्टरची खात्री झालेली असते, आणि तरीही लोक आपल्याला वेडा म्हणतील या भीतीने तो न्यायालयात खरे काय ते सांगत नाही. जस्टिन फासावर जाते. व्हिक्टर तिच्यापेक्षाही आपल्याच यातना मोठ्या असल्याचे सांगतो, आणि हे वाक्य वहीत उतरवून ठेवण्यासारखे आहे.

निर्मितीचा प्रसंग १८१८ च्या आवृत्तीत पहिल्या खंडाच्या चौथ्या प्रकरणात आहे आणि १८३१ च्या आवृत्तीत पाचव्या. तो आश्चर्य वाटावे इतका छोटा आहे, त्यामुळे सावकाश, शक्य असल्यास दोनदा वाचावा. वीज कडाडत नाही, कुबडा मदतनीस नाही, यंत्रांचा गजर नाही. नोव्हेंबरमधील एक उदास रात्र आहे, खिडकीच्या तावदानांवर पाऊस वाजतो आहे, मेणबत्ती जवळजवळ संपली आहे, आणि त्या अंधुक उजेडात एक पिवळसर डोळा उघडतो. व्हिक्टर तत्क्षणी खोलीबाहेर पळतो, झोपतो आणि त्याला स्वप्न पडते की एलिझाबेथचे चुंबन घेताच ती त्याच्या मृत आईच्या प्रेतात बदलली. जाग येते तेव्हा तो जीव पलंगाचा पडदा बाजूला करून उभा असतो. येथे थांबून एक प्रयोग करून पाहावा: व्हिक्टरने वापरलेली सर्व विशेषणे पेन्सिलीने खोडावीत आणि केवळ त्या जीवाच्या कृती वाचाव्यात. तो पाहतो, काहीतरी अस्फुट बोलतो, हसल्यासारखा चेहरा करतो आणि एक हात पुढे करतो. नवजात मूल याहून वेगळे काय करते?

या प्रश्नामागे लेखिकेचे आयुष्य आहे, तरी ते कादंबरीवर सरसकट लादू नये. मेरी यांचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ चा. त्यांची आई मेरी वुलस्टनक्राफ्ट प्रसूतीनंतर काही दिवसांतच वारल्या. मेरी यांची पहिली मुलगी फेब्रुवारी १८१५ मध्ये अकाली जन्मली आणि थोड्याच दिवसांत गेली. पुढच्या महिन्यात त्यांनी दैनंदिनीत लिहून ठेवले की, बाळ नुसते गारठले होते, शेकोटीजवळ चोळल्यावर जिवंत झाले, असे स्वप्न पडले. जिनिव्हा सरोवराकाठी कवी बायरन यांच्या व्हिला दिओदाती या घरात जमलेल्या मंडळींनी भुताची गोष्ट लिहिण्याची जी पैज लावली आणि जिच्यातून ही कादंबरी जन्मली, ती जून १८१६ मधली, म्हणजे त्यानंतरची. आदल्या वर्षी इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाल्यामुळे तो उन्हाळा थंड आणि पावसाळी गेला होता आणि मंडळी घरात अडकली होती. त्या काळच्या विज्ञानाची वार्ताही त्या बैठकीत होतीच: इटालियन शास्त्रज्ञ गॅल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकांचे पाय विजेने हलवले होते आणि त्यांचे भाचे आल्दिनी यांनी १८०३ साली लंडनमध्ये फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराच्या प्रेतावर तसाच प्रयोग केला होता. पार्श्वभूमी म्हणून एवढे पुरे.

दुसऱ्या खंडात आल्प्समधील हिमनदीवर निर्माता आणि निर्मिती समोरासमोर येतात, आणि तिसऱ्या ते आठव्या प्रकरणापर्यंत, म्हणजे १८३१ च्या क्रमाने अकराव्या ते सोळाव्या प्रकरणापर्यंत, तो जीव बोलतो. ही सहा प्रकरणे तुकड्यातुकड्यांनी वाचू नयेत. एखादी मोकळी दुपार राखून ठेवावी. प्रकाश आणि अंधार यांतला भेदही न कळणारा हा जीव विस्तव शोधतो, त्यात हात भाजून घेतो, डी लेसी कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपून भाषा शिकतो आणि रात्री त्यांच्यासाठी चोरून लाकडे तोडून ठेवतो. त्याला सापडलेल्या पुस्तकांत इंग्रज कवी मिल्टनचे ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे आदम आणि सैतान यांच्या पतनाचे महाकाव्य आहे, आणि ते तो इतिहास समजून वाचतो. आपण आदम आहोत की सैतान, हा त्याचा प्रश्न तिथून येतो. कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीच्या शीर्षकपृष्ठावर त्याच काव्यातील, मला घडव असे मी तुला सांगितले होते का, अशा आशयाच्या ओळी आहेत. प्रयोगशाळेतून अंगावर घातलेल्या कपड्यांच्या खिशात त्याला व्हिक्टरची टिपणवही सापडते आणि आपल्या जन्माची हकिकत तो आपल्या जनकाच्याच किळसभरल्या शब्दांत वाचतो. जगात इतके निष्ठुर जन्मटिपण दुसरे कोणाच्या वाट्याला आले नसेल.

मात्र येथे सहानुभूतीत वाहून जाण्याचा धोका आहे, म्हणून तिसरा प्रश्न विसरू नये. त्याला ऐकणाऱ्याकडून काहीतरी हवे आहे: आपल्यासारखीच एक सहचरी. त्याचे भाषण म्हणजे अर्ज आहे, आणि अर्जदाराने विल्यमचा गळा दाबला आहे व त्याच्याजवळचे चित्र जस्टिनच्या कपड्यांत लपवले आहे. दुसरीकडे, हे सारे भाषण आपल्यापर्यंत व्हिक्टरच्या तोंडून येते. शेवटच्या पानांत वॉल्टन सहज लिहून जातो की, आपण काढलेली टिपणे व्हिक्टरने मागून घेतली आणि अनेक ठिकाणी दुरुस्त केली, विशेषतः शत्रूबरोबरच्या संभाषणांत जिवंतपणा यावा म्हणून. हे वाचल्यावर मागे जाऊन ती सहा प्रकरणे पुन्हा चाळणे भागच पडते. ज्याला तो सैतान म्हणतो, त्याच्या तोंडी इतके सुंदर युक्तिवाद व्हिक्टरने का राहू दिले?

मराठी वाचकाला येथे भस्मासुर आठवतो. ती तुलना मोहक असली तरी जपून करावी, कारण भस्मासुराला वर मिळाला होता आणि तो त्याने देणाऱ्यावरच उलटवायला घेतला. या जीवाला मिळाले काहीच नाही, नावसुद्धा नाही. फ्रँकेन्स्टाइन हे निर्मात्याचे आडनाव आहे. व्हिक्टर आपल्या निर्मितीला वेगवेगळ्या वेळी अभागी, पिशाच्च, सैतान, कीटक अशी नावे ठेवतो. कोणत्या प्रसंगी कोणता शब्द येतो याची यादी केल्यास त्या जीवापेक्षा व्हिक्टरच्या मनःस्थितीचा आलेख अधिक स्पष्ट दिसतो.

तिसऱ्या खंडातील इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या प्रवासाची पाने भरभर वाचली तरी चालतील. ऑर्कनी बेटांवर मात्र वेग कमी करावा, कारण तेथे व्हिक्टर अर्धवट घडवलेली सहचरी फाडून टाकतो, आणि पुढचे सर्व मृत्यू त्या कृतीतून येतात. त्याने दिलेली कारणे एकेक करून तपासावीत: त्यांतली किती भविष्याविषयीची आहेत आणि किती त्या जीवाने आजवर केलेल्या कृत्यांविषयीची?

शेवटच्या पत्रांत बर्फाने वेढलेल्या जहाजावर व्हिक्टर मरतो. मरताना तो वॉल्टनला महत्त्वाकांक्षा टाळायला सांगतो आणि लगेच, कदाचित दुसऱ्या कोणाला यश येईलही, असे म्हणतो. ही दोन्ही वाक्ये वहीत शेजारी शेजारी लिहावीत. त्यानंतर तो जीव येतो, आणि व्हिक्टरची मध्यस्थी नसताना त्याचा आवाज आपण ऐकतो तो येथेच. हा सापडला तर त्याला ठार कर, अशी गळ व्हिक्टरने वॉल्टनला घातलेली आहे. वॉल्टन त्याचा चेहरा पाहतो, नकळत डोळे मिटून घेतो आणि त्याला थांबायला सांगतो. येथे पुस्तक क्षणभर बाजूला ठेवून डी लेसींच्या झोपडीचे पान पुन्हा उघडावे, कारण दार वाजल्यावर त्या जीवाला आत या म्हणणारा तेथला म्हातारा आंधळा होता.