समालोचन शिकायचंय? आधी नावांची वही घ्या

सिन्नरकडच्या एका कबड्डी स्पर्धेत मी एका चढाईपटूचं नाव तीन वेळा चुकीचं घेतलं. त्याचे वडील मंडपामागून आले आणि कानाशी वाकून म्हणाले, "भाऊ, पोरगा पहिल्यांदाच एवढ्या लोकांपुढं खेळतोय. नाव तेवढं नीट घ्या." तेव्हापासून सामन्याआधी अर्धा तास मी दोन्ही संघांकडे वही घेऊन जातो. प्रत्येक खेळाडूला स्वतःचं नाव उच्चारायला लावतो, जर्सीच्या नंबरापुढे लिहितो. समालोचक व्हायचं असेल तर सुरुवात इथून करा. आवाज कमावणं नंतरचं.

सरावाला माईक लागत नाही. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर क्रिकेटचा सामना असेल तेव्हा गर्दीपासून जरा लांब बसा, मोबाईलवर एकाच षटकाचं स्वतःचं समालोचन रेकॉर्ड करा आणि घरी डोळे मिटून ऐका. चेंडू कुठे पडला, फटका कुणाकडे गेला, धावा किती झाल्या हे कळलं का? माझ्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगमध्ये "अप्रतिम" आणि "जबरदस्त" भरपूर होतं, धावफलक मात्र कुठेच नव्हता. रेडिओवर ऐकणाऱ्याचे डोळे तुम्हीच असता. टीव्हीवर चित्र समोर असतं, तिथे "का" ते सांगा.

कबड्डीत चढाई 30 सेकंदांची. चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो तेवढ्यात गुणसंख्या आणि समोर बचावपटू किती, एवढं सांगून टाका. सहा किंवा सात असतील तर बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण, खुला. तीन किंवा त्याहून कमी उरलेत आणि पकड झाली, तर ती सुपर टॅकल, बचावाला दोन गुण. आकडा आधी सांगितलेला असला की पकड होताच मैदान आपोआप उसळतं, तुम्हाला ओरडावं लागत नाही. त्या क्षणी गप्प राहायला मला फार उशिरा जमलं.

क्रिकेट-कबड्डीवर थांबू नका. आपल्या जिल्ह्याच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य मिळवलं, चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला नौकानयनात उतरला. वल्ही मारण्याची लय मराठीत सांगता येते का, बघा एकदा प्रयत्न करून. मला पहिल्यांदा दोन वाक्यांपुढे जाता आलं नव्हतं.

कामाचं म्हणाल तर पहिली कामं मंडळांच्या स्पर्धांतच मिळतात. मानधन कधी एसटीच्या तिकिटापुरतं. पत्रकारितेची पदवी उपयोगी पडते. आकाशवाणीच्या आवाज चाचणीवरही लक्ष ठेवा. मोबाईलवरही जागा वाढली आहे: 2023 चं आयपीएल जिओसिनेमावर मराठीतूनही ऐकायला मिळालं.

नमुना मागितला तर निवडक आरोळ्या जोडून पाठवू नका. सलग दहा मिनिटं द्या, ज्यात एखादी गुण न मिळालेली रिकामी चढाई, एखादा टाइमआउटही असेल.