लिहिण्यासाठी वाचनाचा संकल्प
वर्षाला पन्नास पुस्तकांचा संकल्प करणारे बहुधा पावसाळ्याआधीच थकतात. म्हणून ज्याला लेखन सुधारायचे आहे, त्याने महिन्याला एकच कथासंग्रह घ्यावा, पण तो दोनदा वाचावा. पुस्तकांसाठी १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादरला आहेच. पहिले वाचन लोकलमध्ये उभ्याने झाले तरी चालते. दुसऱ्या वेळी मात्र घरी वही घेऊन बसावे, कथेचा पहिला परिच्छेद हाताने उतरवावा आणि लेखकाने पात्राचे नाव किती उशिरा सांगितले, ‘तो म्हणाला’ कोठे गाळले, हे समासात नोंदवावे (अर्थात वहीच्या, ग्रंथालयाच्या पुस्तकाच्या नव्हे). महिनाअखेरीस त्याच रीतीने स्वतःचा एक परिच्छेद, समजा गर्दीत दादरला उतरण्याच्या धडपडीवर, लिहून पाहावा.