उजाड शहराच्या ॲक्शनपटाला पार्श्वसंगीत कसं द्यावं

पंचगंगेचं पात्र कोरडं पडलंय, पाण्याच्या टाक्यांवर बंदूकवाल्यांचा पहारा आहे आणि एक मुलगी कॅन उराशी धरून शिवाजी पुलावरून पळतेय. कोल्हापूरच्या पोरांनी अशी शॉर्ट फिल्म केली, तर तिला नेटवरचा फुकटचा ट्रॅक चिकटवू नये, असं मला मनापासून वाटतं. उद्ध्वस्त झालेलं गाव आपलं आहे, मग त्याचा आवाजही आपलाच हवा.

आधी एडिट पक्कं होऊ द्या. मग फिल्म संगीताशिवाय दोनदा पाहा आणि संगीत कुठून सुरू होणार, कुठे थांबणार, त्या वेळा वहीत लिहा. पाठलाग सुरू होण्याआधीचे काही सेकंद मुद्दाम मोकळे ठेवा. तिथे नुसता तिचा श्वास पुरतो.

आता आवाज गोळा करायला उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत जा. मालकाला विचारूनच रेकॉर्डर काढा. लेथची घरघर, पत्र्यावर पडलेला हातोडा, फरशीवर आपटलेला लोखंडी पाइप, सगळं घ्या. १९८४च्या ‘द टर्मिनेटर’साठी संगीतकार ब्रॅड फीडेल यांनी तो प्रसिद्ध धातूचा ठोका बिडाच्या तव्यावर घाव घालूनच मिळवला होता. मोबाइलवर रेकॉर्ड करणार असाल, तर आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करा, नाहीतर प्रत्येक घावानंतर मागची घरघर फुगून वर येते. फाइल वेव्ह (WAV) या, आवाज न दाबता साठवणाऱ्या प्रकारात ठेवा. नंतर तोच ठोका निम्म्या वेगाने वाजवला की तो एक सप्तक खाली उतरतो आणि हातोडीचा घाव एखादं भलंमोठं दार आदळल्यासारखा वाटतो.

मग ताल, आणि इथे घाई करू नका. फीडेल यांच्या त्या धूनमध्ये एका आवर्तनात तेरा ठोके आहेत. आपल्या भाषेत मोजून बघा: तकिट तकिट तकिट तक तक. कान चौदाव्या ठोक्याची वाट पाहतो आणि तो येतच नाही. पाठलागाला हवी ती अस्वस्थता यातूनच येते. तेरा जड जात असतील तर सात घ्या, रूपक आपल्या अंगवळणी पडलेलाच आहे. सोळा मात्रांचा तीनताल मात्र टाळा, तो फार सुरक्षित वाटतो.

तालाखाली एक अखंड सूर लागतो. त्यासाठी मिरजेचा तंबोरा मिळाला तर उत्तमच. एकच खर्जाची तार मिनिटभर छेडत राहा आणि तेही रेकॉर्डिंग सप्तकभर खाली आणा.

हलगी शेवटासाठी राखून ठेवा. खासबागेत कुस्ती रंगली की हलगी अंगात भिनते, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. म्हणूनच ती पहिल्या मिनिटाला वाजवून वाया घालवू नका. लोक टाकीवर चाल करून जातात, तिथेच ती पहिल्यांदा कडाडू दे. रेकॉर्डिंगला जाळाची सोय हवी, कारण कातडं गार झालं की सूर उतरतो. माझ्या पहिल्या खेपेला हे ध्यानात राहिलं नाही. पहिला आणि पाचवा टेक जुळेनात, सगळं पुन्हा करावं लागलं. हलगीवाल्या मामांनी मग दर दोन टेकनंतर हलगी जाळावर धरली, बोटाने टिचकी मारून ऐकली आणि मान हलवली, तेव्हाच आम्ही बटण दाबलं. माइक सहा-सात फूट लांब ठेवा, जवळून आवाज फाटतो.

चित्राशी जुळवणं हा साधा हिशोब आहे. मिनिटाला १२० ठोके असतील तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा होतो. स्फोट १७.२५व्या सेकंदाला असेल तर तो ३४ आणि ३५ ठोक्यांच्या बरोबर मध्ये पडतो. लय ११८.२६ करा, ३४ ठोके पुरे होतात त्याच क्षणी स्फोट होतो. एवढा फरक कानाला कळत नाही.

संवाद आले की ठोके कमी करा, नुसता तंबोरा राहू द्या. आणि शेवटचं मिक्स मोबाइलच्या स्पीकरवर ऐकाच. तिथे खर्ज गायब होतो, म्हणून तोच सूर एक सप्तक वर, अगदी हलका, सोबत मिसळून ठेवा.